जिवतीचे भोकाचे पैसे

बल्लारपूर सोडून राजुऱ्याकडे निघाले की वर्धा नदी लागते. आज मोटार पुलावरून जाते तेव्हा कोणी मानही वर करीत नाही. पण एके काळी नदीच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख आणि पलीकडे निजामाचा! पुढे गडचांदूर मागे टाकून घाट चढला की माणिकगडाच्या डोंगरावर जिवती भेटते. इथे गोंड-कोलामांचे पाडे आहेत आणि त्यांच्या शेजारी १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून पोट घेऊन आलेल्या माणसांच्या वस्त्या.

अशाच एका वस्तीतल्या, नांदेडकडून आलेल्या वृद्ध गृहस्थांनी माझ्यापुढे पत्र्याची डबी उपडी केली. वडिलांच्या वेळची डबी. तांबूस रंगाच्या सात-आठ चकत्या, मधोमध भोक. एक चौकोनी तुकडा. आणि एक रुपयाएवढे रुपेरी नाणे. शेजारी म्हणत, माणिकगडावरचे गोंडराजाचे धन. बाजारात कोणी सांगितले, जुन्या गिरणीचे बिल्ले. चकतीवर ना राजाचा मुखवटा ना ओळखीचे अक्षर, तेव्हा बिचाऱ्यांचा काय दोष?

वाचकहो, उत्तर त्या रुपेरी नाण्यावरच होते. त्यावर चारमिनार, आणि त्याच्या कमानीत ‘ऐन’ हे एकच अक्षर: उस्मान अली खान ह्या नावाचे. महबूब अलींच्या वेळी तिथे ‘मीम’ असे. म्हणजे हा हैदराबादचा हाली शिक्का. भोकाच्या चकत्या दोन पैंच्या, चौकोनी तुकडा एक आण्याचा. एका चकतीवर हिजरी १३६२ वाचता आले, म्हणजे १९४३. महायुद्धाने तांबे महागवले होते. इंग्रज सरकारनेही त्याच साली भोकाचा पैसा काढला. धातू वाचवण्याची युक्ती, दुसरे काही नाही.

सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी होता. १९५९ पर्यंत हे पैसे चालले. गंमत अशी, की राजुऱ्याचा सारा मुलूखही तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच; १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला, १९५९ साली चांद्याला. नांदेडची डबी डोंगरावर आली ती आपल्याच जुन्या राज्यात.

हे ऐकून बाबा पुढे सरकले.

“गुरुजी, मग हे दाखवून जमिनीचा पट्टा भेटंल का?”

डोंगरावरच्या कितीतरी घरांचा हाच प्रश्न आहे. जमीन कसतात, पण ती वनखात्याची की महसुलाची ह्यावर सारे अडते. २००६ च्या वनहक्क कायद्यात बिगर आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो.

“बाबा, नाणे कोणत्या साली पाडले ते ह्यावर लिहिलेले असते. कोणाच्या घरात, कोणत्या गावात ठेवले होते, ते लिहिलेले नसते.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग रुपया उचलून त्यांनी नखाने घासला.

“पण ह्यो चांदीचा हाय ना?”

“चांदीचा आहे.”

“मंग ऱ्हाऊ द्या,” म्हणत त्यांनी डबी बंद केली आणि नातवाला चहा टाकायला सांगितले.