होसकोट्याचा अविमुक्तेश्वर

नोकरीसाठी होसकोट्यात येऊन मला वर्ष झालं होतं. आई साताऱ्याहून पहिल्यांदाच आली आणि म्हणाली, "शहाजीराजांची जहागीर ना ही? मग त्यांचं काहीतरी दाखव." घर, कंपनी आणि कोलारचा हायवे यांपलीकडे मी गाव पाहिलंच नव्हतं. सोमवार होता, म्हणून अविमुक्तेश्वराला गेलो.

कन्नडमध्ये 'होस कोटे' म्हणजे नवा कोट. सुगटूरच्या तम्मेगौडाने 1595च्या सुमारास हे गाव वसवलं. देऊळ त्याच घराण्याचं, बांधणी विजयनगरच्या वळणाची. तीन गाभारे: मधे अविमुक्तेश्वराचं लिंग, दोन बाजूंना वीरभद्र आणि पार्वती.

आईने एका खांबावरून हात फिरवला. "नक्षी किती उथळ आहे रे!" मी खाली बसून पाहिलं. दगड ग्रॅनाइटचा. हळेबीडचा मऊ दगड पाथरवटाला हवा तेवढा खोल कोरू देतो. ग्रॅनाइट देत नाही. म्हणून खांबाच्या बाजूंचे चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनात एकच आकृती उठवायची. बाहेरचं तिरपं ऊन आत आलं, तेव्हा मघाशी सपाट वाटलेल्या एका भक्ताचे जोडलेले हात स्पष्ट दिसले. आई बराच वेळ तिथेच उभी राहिली.

"एल्लिंद बंदिद्दीरी?" पुजाऱ्यांनी विचारलं. कुठून आलात, एवढं आईला सुरावरून कळलं. "सातारा," ती म्हणाली. त्यांनी मंगळारतीचं तबक पुढे केलं.

तिला मी पायरीवर बसून सांगत होतो. 1638च्या सुमारास विजापूरच्या फौजेने हा मुलूख घेतला आणि तो शहाजीराजांकडे आला. पुढे ऑगस्ट 1768मध्ये हैदरअलीने इथेच मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर रात्री छापा घातला. धनी बदलत गेले, पण देवळातला दिवा लावणारं कोणीतरी गावात राहिलंच. अविमुक्त हे काशीचं नाव: शंकराने कधीच न सोडलेली जागा.

परतताना गावच्या विस्तीर्ण तलावाशी थांबलो. तोही तम्मेगौडाचाच म्हणतात. "राजांनी हेच पाणी पाहिलं असेल," आई म्हणाली, "पण बांध घातला तो गौडाने. त्याचंही नाव घ्यायला हवं."

आता साताऱ्याचे पाहुणे आले की मी आधी तम्मेगौडाचं नाव सांगतो, मग शहाजीराजांचं.