लाल नेचा

मुलांनो, पुस्तक वाचून रडणाऱ्या माणसांची मी एके काळी थट्टा करीत असे. सेवानिवृत्तीनंतरच्या एका पावसाळी रात्री मात्र माझा तो ताठा पार उतरला.

त्या रात्री माझ्या हाती विल्सन रॉल्स या अमेरिकन लेखकाची 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज' ही १९६१ सालची कादंबरी होती. रॉल्सचे बालपण ओक्लाहोमा राज्यातील डोंगराळ मुलखात गेले. लिहिण्याची हौस दांडगी, पण शिक्षण तुटपुंजे. आपल्या अशुद्ध लेखनाची लाज वाटून त्याने विवाहापूर्वी सारी हस्तलिखिते जाळून टाकली. पुढे पत्नीच्या आग्रहावरून ही कथा स्मरणातून पुन्हा लिहिली. शुद्धलेखनावरून मुलांना आयुष्यभर रागावलेल्या माझ्यासारख्याला ही हकीकत अंमळ बोचलीच!

कथेतील बिली हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा. शिकारी कुत्र्यांच्या जोडीसाठी तो दोन वर्षे राबतो. रानफळे वेचून, गळाला लावायचे लहान मासे विकून ५० डॉलर साठवतो. पिल्ले आणण्यासाठी घरी न सांगता, अनवाणी, रात्रीच्या अंधारात दूरच्या गावी चालत जातो. ओल्ड डॅन अंगाने दणकट, तर लिटल ॲन लहानखुरी, पण बुद्धीने तल्लख. रॅकून नावाच्या निशाचर प्राण्याला तुम्ही झाडावर चढवा, पुढचे मी पाहीन, असा शब्द बिली त्यांना देतो. आणि पहिल्याच शिकारीत ती त्याला चढवतात नदीकाठच्या सर्वांत प्रचंड वृक्षावर! तळहात फोडांनी भरले, तरी बिली दिवसामागून दिवस कुऱ्हाड चालवीतच राहतो. शब्द दिला होता तो कुत्र्यांना. मोडला असता तर जाब विचारणारे कोणी नव्हते.

पुढे प्यूमा या हिंस्र श्वापदापासून बिलीला वाचवताना ओल्ड डॅन प्राण गमावतो. लिटल ॲन अन्न सोडते, आणि एके दिवशी खुरडत त्याच्या थडग्यापाशी जाऊन तेथेच देह ठेवते. नंतरच्या वसंतात त्या दोन थडग्यांच्या मध्ये लाल नेचा उगवलेला बिलीला दिसतो. तेथवर येताच मला अक्षरे दिसेनाशी झाली.

पण खरे सांगायचे तर ते अश्रू केवळ लिटल ॲनसाठी नव्हते. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका खेड्यातील शाळेत मुख्याध्यापक होतो. सहावीतल्या एका मुलामागोमाग एक तांबूस कुत्रा रोज यायचा आणि शाळा सुटेपर्यंत फाटकाशी बसून राहायचा. शिस्तीच्या भरात एके दिवशी मी शिपायाला त्याला हाकलून देण्यास सांगितले. काठीचा आवाज वर्गात ऐकू आला. त्या मुलाने मान खाली घातली. तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी फाटक मोकळे होते. माझी आज्ञा पाळली गेली, या समाधानात मी संध्याकाळी घरी निघालो. पाहतो तो ओढ्यापलीकडच्या बाभळीखाली कुत्रा शाळेकडे तोंड करून बसला होता. वर्षअखेरपर्यंत तो तेथेच बसत असे. मी रोज पाहत होतो. पण त्याला पुन्हा फाटकाशी येऊ दे, एवढे त्या मुलाला सांगणे माझ्याने झाले नाही.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल. ओक्लाहोमातील दोन कुत्र्यांची नावे मला पाठ आहेत. त्याच्या कुत्र्याचे नाव मात्र मी कधी विचारलेच नाही.