आठवणीचीही राखण हवी

वाचकहो, एच.आय.व्ही. हे नाव वाचून पान उलटू नका. हा लेख मरणाचा नाही, म्हातारपणाचा आहे. ज्या माणसांना वर्ष-दोन वर्षांपलीकडे कोणी धरीत नव्हते, ती माणसे आज नातवंडे खेळवीत आहेत आणि उतारवयाचे प्रश्न त्यांच्याही दारी आले आहेत. त्यांपैकी मी एक. शहादे तालुक्यातल्या एका खेड्यात आमची सहा एकर जमीन आहे. कापूस, थोडी पपई, रब्बीला दादर आणि हरभरा. माझे वय ५९. नाव छापू नये अशी विनंती मी संपादकांना केली आहे. त्याचे कारण पुढे येईल.

आपल्या देशात हा विषाणू प्रथम १९८६ साली मद्रासेत सापडला. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. आमच्याकडची माणसे पोटासाठी फिरतात. कोणी ऊसतोडीला गुजरातेत जाते, कोणी सुरतेला, कोणी गाडीवर. आजार आमच्या घरी कसा आला, हे विचारणारे पुष्कळ भेटले. त्या उत्तराने कोणाचा ताप उतरला नाही. यजमान २००३ साली गेले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने या आजाराचे औषध मोफत देणे सुरू केले. आरंभी ते देशातल्या आठच रुग्णालयांत मिळे, मुंबईचे जे. जे. त्यांत होते. यजमानांना ते वर्ष लाभले नाही. मला २००७ साली गोळी सुरू झाली आणि मी राहिले.

त्या काळची गोळी सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने घ्यावी लागे. तिने पायांची आग होई, गाल बसत. पुढे रात्रीची एकच गोळी आली. तिने चित्रविचित्र स्वप्ने पडत, पहाटे उठताना घेरी येई. गेली काही वर्षे डोल्युटेग्राव्हिर असलेली एकच गोळी मिळते, ती सोसते. रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी होते. माझ्या कागदावर ‘आढळला नाही’ असे येते. हे प्रमाण असेच राहिले तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. एका ताटात जेवल्याने किंवा लेकरू मांडीवर घेतल्याने तर ती कधीच होत नव्हती.

एवढे सगळे मार्गी लागले असताना गेल्या वर्षी कापूस वेचणीत नवेच काही ध्यानात आले. मजूर बायांचा कापूस मोजून पैसे मांडण्याचे काम वीस वर्षे माझ्याकडे आहे. किलो आणि दर यांचा गुणाकार मी तोंडी करी. आता काट्याजवळ एक बाई आपले वजन सांगे, तोवर दुसरी बोलली की पहिलीचा आकडा निसटून जाई. बोटे मोजावी लागत. चुलीवर भाकरी असताना कोणी हाक मारली तर दोहोंपैकी एक काम बिघडे. माणसांची नावे, जुन्या गोष्टी सगळ्या ध्यानात होत्या. पण डोके जड बैलासारखे सावकाश चाले. आणि एका रात्री गोळीची बाटली हातात धरून मी उभीच राहिले. गोळी घेतली, की घ्यायची आहे?

वय झाले, असे म्हणून कोणीही हे सोडून दिले असते. मी ते जिल्हा रुग्णालयाच्या ए.आर.टी. केंद्रात सांगितले. तिथे जे समजले ते तुम्हांला सांगते.

हा विषाणू लागण झाल्यावर थोड्याच आठवड्यांत मेंदूपर्यंत पोचतो. विचार करणाऱ्या पेशींत तो शिरत नाही, पण मेंदूची राखण करणाऱ्या पेशींत ठाण मांडतो आणि तिथे बारीक दाह धुमसत राहतो. औषधे नव्हती तेव्हा त्यातून माणूस पार भ्रमिष्ट होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची रीत आली आणि तसे होणे फार कमी झाले. तरी काही जणांत सौम्य मंदपणा दिसतो: लक्ष टिकत नाही, हिशेब सुटतो, हात संथ होतात. औषध सुरू होण्यापूर्वी ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली होती, त्यांच्यात तो जास्त आढळतो. माझी सी.डी. फोरची संख्या त्या वेळी शंभराच्या खाली गेली होती.

पण डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली. एच.आय.व्ही. आहे म्हणून प्रत्येक विसराळूपणा त्याच्याच माथी मारू नये. त्यांनी मला कागदावर घड्याळ काढायला लावले, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले, मग रक्त, साखर, रक्तदाब, थायरॉइड असे सारे तपासले. झोप कशी लागते, मन उदास असते का, तंबाखू-दारू आहे का, ऐकू नीट येते का, तेही विचारले. डोके सतत दुखणे, ताप, झटके किंवा एकाएकी भ्रम झाला तर क्षयाचा किंवा बुरशीचा मेंदूज्वर असू शकतो. त्याला दिवससुद्धा दवडू नये, असेही सांगितले. माझा रक्तदाब वाढलेला निघाला आणि ब-१२ जीवनसत्त्व फार कमी. दोन्हींवर औषध मिळाले. सहा महिन्यांनी डोक्यावरचे झाकण थोडे उचलल्यासारखे वाटले. पूर्वीची चपळाई आली नाही, ती येईल असे कोणी म्हटलेही नाही. पण भाकरी आता करपत नाही.

मग राहिला प्रश्न गोळीचा. ती नियमाने घेतली तर विषाणू दबून राहतो. वरचेवर चुकली तर तो डोके वर काढतो आणि त्याच औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणजे विसर पडला तर गोळी चुकते, आणि गोळी चुकली तर डोक्याला आणखी धोका. मुलाला माझा आजार ठाऊक होता, पण तो ट्रॅक्टर घेऊन महिना महिना बाहेर. घरात असे ती सून, आणि तिला ठाऊक नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. खरे आहे, पण मुठीत काय आहे हे मूठ झाकणारीच विसरू लागली तर लाखाचे बारा हजार होतात.

दादर निवडीत बसलो असताना मी सुनेला सांगितले. ती बराच वेळ सूप हलवीत राहिली. मग म्हणाली, “आई, बाळ तुमच्या ताटात जेवतो.” मी तिला जे ठाऊक होते ते सांगितले, पण सासूचे सांगणे आणि डॉक्टरांचे सांगणे यांत फरक असतो. आठ दिवस तिने बाळाला वेगळे वाढले. मी काही बोलले नाही. पुढच्या फेरीला तिला बरोबर नेले. समुपदेशक बाईंनी तिला तासभर समजावले, तिच्या मनातले सगळे प्रश्न विचारू दिले. परत येताना एस.टी.त ती म्हणाली, “तुम्ही इतकी वर्षे एकट्याच मोजत होता?”

आता मोजणे दोघींचे आहे. बाटलीत ३० गोळ्या असतात. उघडल्याची तारीख झाकणावर लिहितो. रात्री जेवणानंतर गोळी घेतली की भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी एक टिंब. शंका आली तर अंदाजाने दुसरी घ्यायची नाही, बाटलीतल्या मोजायच्या. रक्तक्षयाची लोहाची गोळी, हाडांची कॅल्शियमची गोळी किंवा ॲसिडिटीचे औषध चालू असेल तर ते केंद्रात सांगावे, कारण त्यांच्यामुळे डोल्युटेग्राव्हिर अंगी लागत नाही. ए.आर.टी.ची गोळी आधी घेऊन दोन तासांनी ती घ्यावीत, किंवा ती आधी घेतली असतील तर सहा तास थांबावे. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही तसे सांगावे; तिचे प्रमाण डॉक्टर ठरवितात.

ज्यांच्या घरी हा आजार नाही, त्यांनाही यात घेण्यासारखे आहे. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारूचा अतिरेक, कमी झालेले ऐकणे व दिसणे, हवेतला धूर, आणि एकटेपणा आहे. ती सारी दूर झाली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल, असा त्यांचा हिशेब आहे. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हणून त्याच्याशी बोलणेच सोडणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. त्यांनी हे दोनदा वाचावे.

माझ्यासारख्या बहिणी-भावांना सांगणे एकच. गावाला सांगू नका, सांगण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीवाचून कोणी हे उघड करू नये आणि राहत्या घरातून तुम्हांला काढू नये, असे त्यात आहे. नाव न छापण्याचा माझा हक्क तोच. पण घरातले एक माणूस निवडा. मुलगा, सून, बहीण, जाऊ, जिच्यावर जीव टाकता येईल अशी एक व्यक्ती. ती आधी घाबरेल. तिला केंद्रात घेऊन जा. कोणीच नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. आणि केंद्रात गेल्यावर ताप-खोकला सांगता तसा हिशेब चुकतो हेही सांगा.

यंदाच्या वेचणीत काटा माझ्या हाती असेल, वही सुनेच्या. बायांचे पैसे चोख जातील, आणि संध्याकाळी टिंब कोणी दिले हे आम्ही एकमेकींना विचारू.

— शहादे तालुक्यातील एक शेतकरी भगिनी