भिंतीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत

ॲम्प्लिफायर दुरुस्तीला आणणारी किंवा नवा बांधून घेणारी माणसं मला एक प्रश्न हमखास विचारतात. सॉकेटपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची पॉवर केबल किती लांब चालेल? दीड मीटरच्या जागी पाच मीटरची लावली तर आवाज पडेल का? कुणी तरी त्यांना आखूड केबलचा आग्रह केलेला असतो, कुणी मनगटाएवढी जाड, महागडी केबल दाखवलेली असते. माझं उत्तर ठरलेलं आहे. घरात लागते तेवढ्या लांबीने गाण्यात फरक पडत नाही. ती केबल कुठून नेली आहे आणि तिच्यातली अर्थची तार खरोखर जमिनीपर्यंत पोचते का, याने मात्र पडतो.

आधी हिशेब करू. अशा केबलमधली तांब्याची तार बहुधा ०.७५ चौरस मिलिमीटरची असते आणि तिचा रोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम. दोन मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तार, म्हणजे साधारण ०.१ ओहम. ॲम्प्लिफायर एक अँपियर ओढत असेल, आणि घरगुती ऐकण्यात सरासरी त्याहून कमीच ओढतो, तर या केबलमध्ये ०.१ व्होल्ट खर्ची पडतो. पाच मीटरच्या केबलमध्ये पाव व्होल्ट. आता भिंतीच्या आत काय आहे ते पाहा. एमसीबीपासून हॉलच्या बोर्डापर्यंत दीड एमएमची वायर वीस मीटर फिरून आली असेल तर तिचाच रोध अर्धा ओहम भरतो. शिवाय घरात येणारं व्होल्टेज २३० च्या सहा टक्के वर-खाली असायला नियमांनीच मुभा आहे, म्हणजे २१६ ते २४४. या चढउतारात केबलचा पाव व्होल्ट कुठल्या कुठे हरवतो.

जाणकार इथे हरकत घेतील की ॲम्प्लिफायर वीज सलग ओढतच नाही. बरोबर आहे. ट्रान्सफॉर्मरमधून आलेली वीज रेक्टिफायरमधून मोठ्या कपॅसिटरमध्ये भरली जाते, तीही लाटेच्या प्रत्येक शिखरापाशी थोडा वेळ, सेकंदाला शंभर वेळा. त्या क्षणी प्रवाह सरासरीच्या कितीतरी पट असतो. पण पाच अँपियरचा झटका धरला तरी दोन मीटरच्या केबलमध्ये अर्धाच व्होल्ट जातो, आणि लाटेचं शिखर असतं ३२५ व्होल्टचं. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांचाच रोध काही ओहम असतो, केबलच्या कितीतरी पट. पाणी नळाला ठरावीक वेळी येतं आणि आपण दिवसभर गच्चीवरच्या टाकीतून घेतो, तसं हे काम आहे. स्पीकरला जाणारी वीज कपॅसिटरमधून जाते, भिंतीतून थेट जात नाही.

विजेचा दर्जा खरोखर बिघडवणारी गोष्ट आपल्याकडे वेगळीच आहे. जुन्या घरगुती इन्व्हर्टरमधून साइन वेव्हऐवजी चौकोनी लाट येते. तिचं शिखर ३२५ ऐवजी २३० व्होल्टच्या आसपासच असतं. कपॅसिटर शिखरापर्यंतच भरतो, त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या आतलं व्होल्टेज जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतं, तबल्याच्या जोरकस थापेवर आवाज फाटतो आणि ट्रान्सफॉर्मर स्वतःही गुणगुणायला लागतो. वीज गेल्यावरही गाणी ऐकायची असतील तर प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरवर खर्च करावा. तो पैसा कानाला कळतो.

आता हमकडे, म्हणजे स्पीकरमधून येणाऱ्या गुणगुणीकडे वळतो, कारण केबलचा संबंध असलाच तर इथे आहे. सीडी प्लेयरमधून साधारण दोन व्होल्टचा सिग्नल येतो. रेकॉर्ड प्लेयरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून येतो सुमारे पाच मिलिव्होल्टचा, म्हणजे चारशे पट लहान. तो वाढवताना आजूबाजूची विजेची धग शिरली तर तीही तितकीच वाढते. पॉवर केबलमध्ये फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटून असल्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रं बरीचशी खोडली जातात, पण उरतं तेवढंही त्या पाच मिलिव्होल्टला पुरतं. केबल जास्त लांब झाली म्हणून तिचं भेंडोळं करून रेकॉर्ड प्लेयरच्या तारांवर टाकलेलं मी पुष्कळ घरांत पाहतो. ते बाजूला सारावं. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडावं. ट्रान्सफॉर्मर असलेले ॲडॅप्टर तर कार्ट्रिजपासून चांगले हातभर दूर हवेत.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना हम का छळतो, याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. गायकाचा षड्ज सफेद एकचा असेल तर तानपुऱ्याच्या मंद्र पंचमाची तार सुमारे ९८ हर्ट्झला बोलते. रेक्टिफायरची गुणगुण १०० हर्ट्झची. दोन्ही एकत्र ऐकू आल्या की सेकंदाला दोनदा हेलकावणारी लाट तयार होते आणि नीट लावलेला तानपुरा उतरल्यासारखा भासतो. दोष कलावंताचा नसतो, यंत्राचा असतो. म्हणून ॲम्प्लिफायर तपासताना मी तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावतोच. जवारीचे बारीक स्वर आणि खालचा पंचम दोन्ही स्वच्छ आले तर बाकीच्याची काळजी करावी लागत नाही.

हम येण्याचं सगळ्यात मोठं कारण अर्थ लूप. टीव्हीचा प्लग एका भिंतीवर, ॲम्प्लिफायरचा दुसऱ्या, त्यात केबल टीव्हीची तार जिन्यातून आलेली आणि भलतीकडेच अर्थ केलेली. या ठिकाणांच्या अर्थमध्ये थोडाफार फरक असतो आणि त्यामुळे सिग्नलच्या तारेच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. उपाय साधा आहे: सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणा. त्यासाठी पाच मीटरची पॉवर केबल लागली तर खुशाल घ्या. आखूड केबलच्या हट्टापायी दोन भिंतींवर दोन प्लग लावण्यापेक्षा लांब केबल केव्हाही चांगली.

मग ज्यांना केबल बदलल्यावर फरक ऐकू येतो त्यांचं काय? ते खोटं बोलत नाहीत. ऐकणं कानाइतकंच अपेक्षेनेही घडतं. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की स्पीकर डोळ्यांसमोर असताना आणि पडद्याआड असताना ऐकणाऱ्यांची पसंती बदलते. म्हणून केबल घेण्याआधी घरातल्या कुणाला तरी ती न सांगता बदलायला लावा, आवाजाची पातळी तीच ठेवा आणि मग ओळखता येते का ते पाहा.

लांबीची चिंता करायचीच असेल तर ती स्पीकरच्या तारेची करा. तीच ०.७५ एमएमची तार दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन अर्धा ओहम होतो. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात तो काही स्वरांना चार ओहम असतो आणि खर्जातल्या एखाद्या स्वराला तीस. चार ओहम असतो तिथे आवाज एक डेसिबलने उतरतो, तीस असतो तिथे जवळजवळ उतरतच नाही. म्हणजे तार स्वरांचा समतोल बदलते, आणि हे ऐकू येऊ शकतं. अडीच एमएमची तार घेतली की प्रश्न संपतो, आणि ती इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळते.

एक विनंती मात्र मनापासून आहे. हम घालवण्यासाठी काही जण प्लगची अर्थची जाड पिन कापतात किंवा तीन पिनी प्लगला दोन पिनी कन्व्हर्टर लावतात. हम जातोही. पण ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी बिघडलं तर ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीवर आणि सिग्नलच्या तारेतून रेकॉर्ड प्लेयरवरही २३० व्होल्ट येतात, आणि रेकॉर्ड बदलायला घरातलं लहान मूलही हात लावतं. कारखान्यातूनच दोन पिनांचं आलेलं, एकात एक दोन चौकोनांची खूण असलेलं उपकरण तसं वापरायला हरकत नाही. बाकी कुठलीही अर्थ तोडू नका. महागड्या केबलसाठी पैसे बाजूला काढले असतील तर या दिवाळीत आधी चांगल्या वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या.