मुरमाच्या वाटेने

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी स्वतःचे रक्त तपासून घेतले. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सीचा आकडा ६.१ टक्के आला. ५.७ ते ६.४ या दरम्यानच्या आकड्याला आम्ही मधुमेहपूर्व अवस्था म्हणतो. रक्तदाबाची गोळी आधीपासून सुरू होतीच. पोटाचा घेरही वाढलेला होता. यावलमध्ये दवाखाना थाटून पाव शतक उलटले. या काळात ‘रोज अर्धा तास चाला’ हे वाक्य मी किती जणांना ऐकवले असेल, याची गणती नाही. ते ऐकवताना मी स्वतः मात्र खुर्चीतून उठलो नव्हतो.

त्याच सुमारास पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने मोबाइलवर काही छायाचित्रे पाठवली. इटलीतील तस्कनी प्रांतात पांढऱ्या खडीच्या कच्च्या वाटांवरून माणसे सायकली चालवत होती. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा, मध्येच टेकडीवर एखादे तटबंदीचे जुने गाव. याला ग्रॅव्हल बाइकिंग म्हणतात, असे मुलाने कळवले होते. त्या प्रांतातील गायोले या लहानशा गावातून १९९७ पासून जुन्या सायकलींची एक फेरी निघते आणि या कच्च्या वाटा डांबराखाली जाऊ नयेत, हाही तिचा एक हेतू आहे. छायाचित्रे पाहता पाहता मला हसू आले. द्राक्षांच्या जागी केळी घातल्या आणि मागे सातपुडा उभा केला, की हा आमचाच तालुका!

खास ग्रॅव्हल बाइकची किंमत ऐकून मी तो नाद सोडला. रुंद टायरची, गिअर असलेली एक साधी सायकल घेतली. पहिल्या दिवशी गावातल्या निंबाळकरांच्या किल्ल्यापर्यंत जाऊन परतलो, तर धाप लागली. नाडी मोजली आणि कोणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो.

हळूहळू पहाटेचा तास माझा झाला. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावरील ट्रकांची वर्दळ टाळून मी शिवाररस्ते धरू लागलो. केळीच्या बागांमधून जाणाऱ्या या वाटा कुठे मुरमाच्या, कुठे नुसत्या गाडीच्या चाकोऱ्यांच्या. मृगबागेची उंच खोडे दोन्ही बाजूंनी वाटेवर वाकलेली असतात आणि ठिबकच्या पाण्याने भिजलेल्या मातीचा गारवा अंगाला जाणवतो. एरवी ज्या तालुक्यात मी केवळ रोगी पाहिले, तेथे आता घड उतरवणारी, बैल सोडणारी, पाटाच्या कडेला तोंड धुणारी माणसे दिसू लागली. त्यांतली बरीच माझीच रोगी होती. पण निरोगी असताना त्यांना मी प्रथमच पाहत होतो.

गावांचेही तसेच झाले. ज्या किल्ल्याजवळून मी रोज स्कूटरने जात असे, तो शिंद्यांकडून निंबाळकरांकडे आलेल्या यावलचा किल्ला. त्यांच्या काळात हे गाव हातकागदासाठी आणि निळीसाठी प्रसिद्ध होते. पूर्वेला पंधराएक किलोमीटरवर फैजपूर. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये तेथे झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, गांधीजी उपस्थित होते आणि अधिवेशननगरीची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. शाळेत हा धडा मी पाठ केला होता. सायकलवरून घाम गाळत फैजपूरच्या वेशीत शिरलो, तेव्हा कुठे मनात आले, की त्या गर्दीतील कितीतरी शेतकरी अशाच धुळीच्या वाटांनी पायी किंवा बैलगाडीने आले असतील.

उत्साहाच्या भरात मी एक चूक केली. एप्रिलमधल्या एका रविवारी आडगावकडून मनुदेवीच्या दर्शनाला निघालो, तेही नऊ वाजल्यानंतर. पाण्याची एकच बाटली जवळ होती. परतताना डोके जड झाले, पायांत गोळे आले, मळमळू लागले. ‘थोडेच राहिले आहे’ असे स्वतःला समजावत मी पायडल मारत राहिलो. हेच एखाद्या रोग्याने केले असते, तर मी त्याला रागावलो असतो. शेवटी एका बागेच्या कडेला सावलीत आडवा झालो. तेथल्या रखवालदाराने अंगावर पाणी शिंपडले, मीठ-साखर घातलेले पाणी घोटघोट पाजले आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, ऊन तुमचं शिक्षण पाहत नाही.” माझ्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही आहे. अशा माणसाने खानदेशच्या उन्हात अधिक जपायला हवे, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. अंगाला ते त्या दिवशी कळले.

पण जे शिकण्यासाठी मी आज लिहावयास बसलो, ते याहून वेगळे आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून साठीची एक मावशी माझ्याकडे येत असे. रक्तदाब बराच वाढलेला. महिन्याच्या गोळ्या देऊन ‘संपण्याआधी या’ असे मी बजावत असे. ती दोनदा उशिरा आली आणि दोन्ही वेळा मी चारचौघांत तिला बोललो. तिसऱ्यांदा ती आलीच नाही. आली ती चार महिन्यांनी, मुलाच्या आधाराने. अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात लुळा पडला होता. ‘ऐकत नाहीत हे लोक’ असे मी तेव्हा मनाशी म्हटले.

पुढे पावसाळा सरल्यावर एका सकाळी मी तिच्या पाड्याची वाट धरली. हमरस्ता सोडल्यावर मुरूम, मग सुटे दगड, मग नाला. नाल्यात उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागली. चढावर गिअर असूनही पाय टेकले. ही वाट चालून ती हमरस्त्याला यायची, मग मिळेल त्या गाडीने यावलला. येण्या-जाण्यात दिवस जायचा आणि दिवसाची मजुरीही.

मावशी अंगणात डाव्या हाताने शेंगा निवडत होती. मला पाहून गडबडून उठू लागली. मी बसवले. गोळ्या का बंद केल्या होत्या, असे या वेळी आवाज न चढवता विचारले. ती म्हणाली, “यायचं होतं, पण उशीर झालेला होता. तुम्ही रागावाल म्हणून राहिले.”

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. रस्ता लांब होता हे खरे, मजुरी बुडत होती हेही खरे. परंतु ती दोनदा हे सारे ओलांडून आली होती. तिसऱ्या वेळी तिला अडवले ते माझ्या बोलण्याने.

तेव्हापासून रक्तदाब स्थिर असलेल्या दूरच्या रोग्यांना मी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून देतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात याच गोळ्या विनामूल्य मिळतात, हे आवर्जून सांगतो. त्या पाड्याच्या आशाताईंशी बोलून ठेवले आहे. आणि उशिरा आलेल्याला पहिले वाक्य म्हणतो, “आलात, बरे केले.”

सायकल काढू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी थोडे अनुभवाचे बोल. मध्यम श्रमाचा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटे, एवढी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तो तुकड्यातुकड्यांनी केला तरी चालतो. चालवताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही गती योग्य. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट उंच ठेवा. गुडघेदुखीच्या बऱ्याच तक्रारी तेथेच थांबतात. कच्च्या वाटेवर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली, तर हादरे कमी बसतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून निघावे आणि खिशात साखर ठेवावी. छातीत दाब, जबड्यात वा हातात कळ जाणवली, तर तेथेच थांबावे. ‘थोडेच राहिले आहे’ म्हणू नये. कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नका, उतरून सायकल मध्ये धरा. चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करा.

वर्षभराने माझा एचबीए१सी ५.८ आला. यात सायकलीचा वाटा आहे, तसा रात्रीच्या जेवणातून कमी केलेल्या भाताचा आणि मिठाईचाही. माझा आकडा उतरला. मावशीचा हात मात्र पूर्ववत झालेला नाही. ती डाव्या हाताने भाकरी थापायला शिकली आहे. महिन्यातल्या एका रविवारी मी त्या वाटेने जातो, रक्तदाब मोजतो, चहा घेतो. नाला आला की अजूनही उतरावे लागते.