किंमत ठाऊक, ओळख नाही

मनुष्य अंगावर जे जे धारण करतो त्यातील बहुतेक वस्तू मुक्या असतात. अंगठी काही सांगत नाही, सोनसाखळी काही विचारीत नाही. घड्याळाचे मात्र तसे नाही. ते धारण करणाऱ्याला दिवसभर सांगत असते की, बाबा रे, तुझ्या आयुष्यातील आणखी एक घटका सरली. असा सतत बोलणारा सोबती मनगटावर बांधूनही त्याच्याविषयी काहीच ठाऊक नसणारी माणसे आता पुष्कळ भेटतात. घड्याळ जितके महाग, तितके हे अज्ञान अधिक गडद, असा माझा अनुभव आहे. किंमत तोंडपाठ असते, कंपनीचे नाव अभिमानाने उच्चारले जाते. पण आत काय चालले आहे, ते कोणी व कशासाठी घडविले, असे विचारले की मालक गप्प होतो.

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला घड्याळ म्हटले की एका विशिष्ट घड्याळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास आले. पुढे तेच सेवाग्राम झाले. कुडाच्या व मातीच्या भिंतींच्या त्या कुटीत मोलाची म्हणावी अशी वस्तू जवळजवळ नव्हतीच. परंतु बापूंच्या कमरेला एक घड्याळ लटकलेले असे. पहाटेची प्रार्थना, सूतकताई, भेटीगाठी, सारे त्याच्या काट्यांवर चाले. वेळ ही आपली नव्हे, ती जनतेची ठेव आहे, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या घड्याळांपैकी एक झेनिथ या स्विस कंपनीचे, गजर असलेले होते व ते इंदिराजींनी त्यांना भेट दिले होते. १९४७ साली कानपूरच्या रेल्वे स्थानकावर ते चोरीला गेले आणि काही महिन्यांनी चोराने स्वतःच ते परत आणून दिले. ३० जानेवारी १९४८ रोजी सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबले आणि बापूंना प्रार्थनेस जाण्यास उशीर झाला, याची त्यांना खंत वाटली होती. त्या दिवशी ते प्रार्थनास्थळी पोहोचू शकले नाहीत, हे आपण जाणतोच.

पुढे मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे ते झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, वाटी व ताटली या वस्तूंचा लिलाव झाला आणि विजय मल्ल्या यांनी त्या १८ लाख डॉलरना विकत घेतल्या. घड्याळ जोपर्यंत एका सेवकाच्या कमरेला राबत होते तोपर्यंत ते एक साधन होते. राबणे थांबले तेव्हा त्याचा भाव लाखांत गेला! वस्तूचा उपयोग आणि वस्तूचा भाव यांची ही फारकत विचार करावयास लावते.

ही फारकत घड्याळांच्या साऱ्या इतिहासातच आहे. सोळाव्या शतकात जिनिव्हा शहरात कॅल्विनच्या कडक धर्मसुधारणेने दागदागिन्यांवर निर्बंध आणले. तेथील सोनारांनी आपले कौशल्य घड्याळांकडे वळविले आणि १६०१ साली घड्याळ कारागिरांचा संघ तेथे उभा राहिला. चैनीला बंदी झाली म्हणून जो धंदा भरभराटीस आला, तोच आज चैनीचे शिखर मानला जातो.

१९६९ साली, नाताळच्याच दिवशी, जपानच्या सेको कंपनीने जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने स्फटिक कंप पावतो व त्यावर वेळ मोजली जाते. आजच्या अशा घड्याळात हा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. उलट लाखो रुपयांच्या यांत्रिक घड्याळातील झुलते चाक सहसा सेकंदाला आठ झोके घेते. स्वित्झर्लंडमध्ये अशा घड्याळाला अचूकतेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी चूक चालते. काही शे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरात पंधरा-वीस सेकंदच चुकते. म्हणजे बाजारातले स्वस्त घड्याळ अधिक खरे बोलते. मग त्या महागड्या घड्याळात मोल कशाचे? ते आहे मानवी हाताचे. केसासारखी बारीक कमान, दाण्याहून लहान चाके, त्यांच्या आसांखाली बसविलेले कृत्रिम माणकांचे कण. हे सारे भिंगाखाली मान वाकवून बसलेल्या कारागिराने जुळविलेले असते. मालकाला हेच ठाऊक नसेल तर त्याने पैसे नेमके कशाचे मोजले?

गेल्या काही वर्षांत नवी गाडी, नवे घर यांबरोबर नवनव्या वस्तूही आशीर्वादासाठी धर्मगुरूकडे आणल्या जातात. एका नाताळच्या सुटीत परदेशी नोकरी करणारा एक तरुण वडिलांना घेऊन माझ्याकडे आला. मनगटावर भारी स्विस घड्याळ होते. "फादर, यावर आशीर्वाद द्या," तो म्हणाला. किंमत त्याने न विचारता सांगितली. मग किंचित चिंतेने म्हणाला, "पण यात काहीतरी दोष दिसतो. दोन-तीन दिवस काढून ठेवले की बंद पडते. बॅटरी बदलावी लागेल काय?"

त्या घड्याळात बॅटरी नव्हतीच. ते हाताच्या हालचालीवर चालणारे होते. आत एक अर्धगोल वजन असते, हात हलला की ते फिरते आणि कमानीला आपोआप चावी बसते. घड्याळ कपाटात ठेवले तर ते थांबणारच. हे ऐकून तो चकित झाला. त्याचे वडील शेजारी शांत बसले होते. त्यांच्या हातात एच.एम.टी.चे जुने घड्याळ होते, तबकडीवर '१७ ज्युवेल्स' अशी अक्षरे असलेले. एच.एम.टी.ने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनविण्यास आरंभ केला आणि कित्येक घरांत लग्नाला वा निवृत्तीला तेच घड्याळ भेट मिळाले. २०१६ साली हा कारखाना बंद झाला. वडील हसून म्हणाले, "अरे बाळा, माझे घड्याळ मी रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर चावी देऊन चालू ठेवतो. एखाद्या दिवशी विसरलो तर ते थांबून मला तसे सांगते."

त्या वृद्ध गृहस्थांना कमानीचे गणित ठाऊक नव्हते. स्फटिकाचे कंपही त्यांना ठाऊक नसतील. तरी घड्याळाची ओळख कोणाला होती, हे सांगावयास नको. वापरणाऱ्याने कारागीरच व्हावे असे कोणी म्हणत नाही. परंतु ही वस्तू कशासाठी आहे, ती कशाने चालते आणि तिच्यासाठी मला रोज काय करावे लागेल, एवढे तरी त्याने जाणावे.

पेकिंगच्या सम्राटाची गोष्ट येथे आठवते. येशूसंघीय धर्मगुरू मत्तेओ रिच्ची १६०१ साली चीनच्या राजधानीत पोहोचले. चीनला जाण्यापूर्वी ते गोव्यात होते. 'क्रिस्तपुराण'कार फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले त्याच काळातील ही गोष्ट. रिच्चींनी वानली सम्राटाला भेटींमध्ये आपोआप वाजणारी घड्याळे दिली. सम्राट त्यांवर मोहित झाला, पण ती चालू कशी ठेवायची हे दरबारात कोणालाच ठाऊक नव्हते. राजवाड्यातील सेवकांना ते शिकविण्याचे काम रिच्चींकडे आले आणि घड्याळांच्या देखभालीच्या निमित्ताने येशूसंघीयांना त्या बंद दरवाजांच्या आत प्रवेश मिळत राहिला. घड्याळांचा धनी सम्राट होता, पण ती जिवंत राहिली जाणकाराच्या हाती. डिसेंबर २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या जाणकाराला 'आदरणीय' ही पदवी दिली.

आता एक आणखी गंमत सांगतो. जगातील अत्यंत महाग घड्याळांमध्ये पाटेक फिलिप हे नाव घेतले जाते. तिचे एक संस्थापक अंतोनी पाटेक हे पोलंडचे कॅथलिक. मातृभूमीच्या स्वातंत्र्यासाठी ते १८३०-३१ च्या उठावात लढले, पराभवानंतर परागंदा झाले आणि १८३९ साली जिनिव्हात त्यांनी घड्याळांचा व्यवसाय सुरू केला. पोप नववे पायस यांनी त्यांना काउंट हा किताब दिला. या कंपनीचे चिन्ह आहे कालात्राव्हाचा क्रूस. बाराव्या शतकात स्पेनमध्ये सिस्टर्सियन मठवासीयांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या एका धर्मसंघाचे ते चिन्ह. कित्येक घड्याळांत चावी द्यायच्या छोट्याशा गोल कळीवर ते कोरलेले असते. जगभरातील धनवान मंडळी हा क्रूस मनगटावर वागवतात. त्यातील कितीजणांना आपण क्रूस धारण केला आहे याची जाणीव असेल?

त्यांना हसण्याआधी आपण आपल्या गळ्याकडे पाहू या. स्नानसंस्काराच्या दिवशी आपल्या कपाळावर क्रूसाची खूण झाली. गळ्यात पदक आले, एखाद्या संताचे नाव मिळाले. ते संत कोण, त्यांनी काय सोसले, हे आपल्या मुलांना आपण सांगितले आहे काय? जपमाळ गाडीच्या आरशाला टांगलेली दिसते, पण तिची रहस्ये घरातील कितीजणांना क्रमाने सांगता येतील? सोन्याच्या क्रूसाचे वजन आपल्याला ठाऊक असते. त्या क्रूसाचे ओझे मात्र आपण विसरतो. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात आपण मूठभर आहोत. शेजारी जेव्हा सद्भावाने विचारतो, "तुमच्या गळ्यातले हे काय असते हो?", तेव्हा "आमच्या धर्मात घालतात" एवढ्यावर आपले उत्तर संपले, तर आपणही त्या तरुणासारखेच किंमत जाणणारे, ओळख नसणारे ठरतो. आणि जे आपल्याला सांगता येत नाही, ते पुढच्या पिढीला देता येत नाही. श्रद्धा गमावणारी घरे बहुधा भांडून गमावीत नाहीत. ती अशीच, न विचारता व न सांगता गमावतात.

येथे कोणी म्हणेल, आमच्या आजीला कुठे शास्त्र ठाऊक होते? खरे आहे. तिला धर्मशास्त्र ठाऊक नव्हते. पण जपमाळेचा प्रत्येक मणी कोणासाठी आहे हे तिला ठाऊक होते. एक मणी गेलेल्यांसाठी, एक आजारी शेजारणीसाठी, एक दूरगावी गेलेल्या मुलासाठी. ती रोज चावी देत होती. शुभवर्तमानातील दहा कुमारिकांची कथा आपण वारंवार ऐकतो. दिवे दहाही जणींजवळ होते. पाच जणींना एवढेच ठाऊक होते की आपल्याजवळ दिवा आहे. उरलेल्या पाच जणींना तो तेलावर जळतो हेही ठाऊक होते. वर आला त्या मध्यरात्री एवढ्याच फरकाने दार उघडले किंवा मिटले.

महाग घड्याळ घेणे पाप नव्हे. प्रामाणिक कष्टाच्या पैशातून कोणी कारागिराची कला मनगटावर बांधली तर त्यात वावगे काय? परंतु ते बांधताना आतील चाके जुळविणाऱ्या हाताविषयी कृतज्ञता असावी आणि मोजल्या जाणाऱ्या वेळेचा हिशेब देण्याची तयारी असावी. त्या तरुणाच्या घड्याळावर मी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली आणि त्याला एवढेच सुचविले की, सुटीचे जे दिवस उरले आहेत त्यांतील रोजचा एक तास वडिलांबरोबर घालव. त्याने मान हलविली. तो तास वडिलांना मिळाला की नाही, मी विचारले नाही. मात्र पुढच्या रविवारी मिस्सेला बाप-लेक एकाच बाकावर बसलेले दिसले.

वाचकहो, येत्या रविवारी जेवण झाल्यावर मुलांना जवळ बोलवा. त्यांच्या गळ्यातील पदक हातात घ्या आणि त्यावर कोणाची प्रतिमा आहे ते त्यांना विचारा. उत्तर आले नाही तर रागावू नका, आपणच सांगा. आपल्यालाही सांगता आले नाही, तर माझ्याकडे किंवा आपापल्या धर्मगुरूंकडे या. धर्मग्रामाचे दार त्यासाठी उघडेच आहे.