जुनी सायकल, रंकाळ्याची सकाळ

वाचकहो, कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून फिरताना एखाद्या घराच्या जिन्याखाली काळी सायकल आपल्याला आजही दिसेल. चाकांत हवा नाही, चेनवर गंज, कॅरिअरवर रद्दीचा गठ्ठा. मंगळवार पेठेतील आमच्या घरीही अशीच एक ‘अ‍ॅटलस’ होती. वडिलांनी नोकरीची सारी वर्षे तिच्यावरूनच ये-जा केली. गेल्या वर्षी माझी रक्तशर्करा सीमारेषेवर आली, तेव्हा मी गिअरची नवी सायकल घेण्याचे ठरवले. ब्याऐंशी वर्षांचे वडील एवढेच म्हणाले, “ती आहे की.”

अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. सुटे भाग मिळतील का, ही शंका मनात घेऊनच मी सायकल दुरुस्तीला नेली. मेस्त्रींनी प्रथम सांगाडा तपासला. “डॉक्टर, फ्रेम खणखणीत हाय. बाकी समदं बदलता येतंय.” या ठेवणीच्या सायकलींचे बरेचसे भाग एकमेकींना चालतात. चाकांचे छर्रे रॉकेलने धुऊन नवे ग्रीस भरले गेले. तारा ताणून रिमचा आऊट काढला. चेन, टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर मात्र नवेच घातले. जोडाला तडा असता, तर मीही तिला निरोप दिला असता.

सायकल तपासली जात असताना माझ्या मनात विचार आला, की स्वाराचीही अशीच तपासणी व्हायला हवी. आपणही पुन्हा सायकल काढणार असाल, तर आधी रक्तदाब, साखर, दृष्टी आणि तोल तपासून घ्या. भिंतीजवळ उभे राहून एका पायावर दहा सेकंद स्थिर राहता येते का, ते पाहा. चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकलवर बसू नका. इन्सुलिन वा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा ठेवावा. सीट इतकी खाली असावी, की बसल्या जागी दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकावेत. गुडघा किंवा खुबा आखडला असेल, तर आडव्या दांडीवरून पाय टाकण्याचा हट्ट नको. अशा वेळी बिनदांडीची सायकलच योग्य.

आता रोज पहाटे मी रंकाळ्यावर जातो. संध्यामठ पाण्यात उभा असतो, पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा उजळू लागतो. तेथून गंगावेशीत येतो. कट्ट्यावरचे धारोष्ण दूध हे कोल्हापूरकरांचे लाडके, पण ज्येष्ठांनी ते उकळूनच प्यावे, हे सांगितल्याशिवाय माझ्यातला डॉक्टर पुढे जाऊ देत नाही. मग पंचगंगेचा घाट आणि परत. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे माप रोजच्या अर्ध्या तासात पाच दिवसांत पुरे होते. वेग एवढाच, की सोबत्याशी बोलता यावे.

सायकल घरी आली, त्या दिवशी वडिलांनी विचारले होते, “एक फेरी मारू का?” त्यांना रक्त पातळ होण्याची गोळी आहे, आणि एका पायावर ते तीन सेकंदही उभे राहू शकले नाहीत. ‘नाही’ म्हणणे मला जड गेले. आपल्यापैकी ज्यांनी आईवडिलांच्या हातून किल्ली वा सायकल काढून घेतली असेल, त्यांना हे ठाऊक असेल. ते काही वेळ गप्प राहिले. मग खुर्ची ओढून चाकाजवळ बसले आणि म्हणाले, “हवा मी तपासत जाईन.”

तेव्हापासून रोज निघण्यापूर्वी ते दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहतात, घंटी वाजवून पाहतात आणि मगच मला जाऊ देतात.